शेतकऱ्यांना नवीन तंत्रज्ञान शिकवताना नेमकं कुठं अडतं आणि तो अडथळा कसा काढायचा

ट्रेनिंग झालं, सह्या झाल्या, फोटो काढले, रिपोर्ट वर गेला, आणि पुढच्या हंगामात शेतात जाऊन बघितलं तर सगळं जसंच्या तसं. शेतकरी प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. मग मीटिंगमध्ये कुणीतरी बोलतं की लोकांची मानसिकताच नाही, शेतकरी बदलायलाच तयार नाहीत. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य जिथं बोललं जातं तिथं शोध थांबतो. खरा अडथळा बहुतेक वेळा दुसरीकडंच असतो, म्हणजे वेळेत, मजुरांच्या हातात, पैशात, पाण्याच्या पाळीत, किंवा आपण ज्याला शिकवलं तो माणूस ते काम स्वतः करतच नाही यात.

हा लेख विस्तार अधिकारी (म्हणजे शेतीची नवीन माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवणारे), संस्थांचे कार्यकर्ते, शेतकरी गट चालवणारे, कंपनीकडून फील्डवर फिरणारे अशा सगळ्यांसाठी आहे. सुरुवात ट्रेनिंगची तारीख ठरवायच्या आधीपासून करायची.

पायरी १: हा प्रश्न ट्रेनिंगनं सुटणारा आहे का?

हे कुणी विचारतच नाही. बजेट ट्रेनिंगचं आलेलं असतं म्हणून ट्रेनिंग होतं. पण एखादी गोष्ट शेतकरी करत नसेल तर त्याची कारणं वेगवेगळी असू शकतात: त्याला माहितीच नाही, किंवा माहितीय पण पटलेलं नाही कारण कुठं बघितलेलं नाही, किंवा पटलंय पण हाताला जमत नाही, किंवा जमतंय पण लागणारी वस्तू वेळेवर मिळत नाही किंवा त्या वेळी खिशात पैसे नसतात, किंवा सगळं आहे पण फसलं तर झेपणार नाही. यातली पहिली तीन कारणं ट्रेनिंगनं सुटतात. शेवटची दोन ट्रेनिंगनं अजिबात सुटत नाहीत, उलट तेच तेच ऐकून लोक वैतागतात.

पश्चिम केनियात खताच्या वापरावर एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी काम केलं, ते २०११ मध्ये छापून आलं. तिथल्या शेतकऱ्यांना खतानं फायदा होतो हे माहिती होतं, पुढच्या वेळी टाकणार असंही ते सांगायचे, पण खत टाकायची वेळ येईपर्यंत पीक विकून आलेले पैसे संपलेले असायचे. मग त्यांना काढणी झाल्या झाल्या, हातात पैसे असतानाच, सांगितलं की आत्ता पैसे भरा, खत नंतर घरपोच देऊ, पोचवायचा खर्च नाही, ही सोय थोडेच दिवस आहे. एवढ्यावर खत वापरणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. एकही लेक्चर द्यावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण भाताचं, आणि यावर जरा थांबू, कारण यात सगळं एका जागी दिसतं. भाताच्या खाचरात कायम पाणी उभं न ठेवता आलटून पालटून भिजवायचं आणि सुकवायचं असं तंत्र आहे, फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ते बरंच पुढं नेलं. साधन अगदी साधं. साधारण ३० सेंटीमीटर लांबीचा, भोकं पाडलेला पाईप, त्यातला १५ सेंटीमीटर जमिनीत गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाईपात पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरली की पुन्हा पाणी द्यायचं, फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी उभं ठेवायचं. लावणीनंतर दोनेक आठवड्यांनी सुरू करता येतं आणि पाण्याची बचत ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. शिकवायला किती वेळ लागेल? एक सकाळ पुरे. पण आता शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. पाणी कालव्याचं असेल आणि पाळी ठराविक दिवशीच येत असेल, तर पाईप काहीही सांगू दे, पाळी आली की पाणी घ्यावंच लागतं, सोडलं तर पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नाही. पाणीपट्टी क्षेत्रावर असेल तर पाणी वाचवून त्याच्या हातात काही पडत नाही. वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात उतरत असेल तर एकट्यानं सुकवायचं म्हटलं तरी सुकत नाही. म्हणजे ज्याच्याकडं स्वतःचा पंप आहे आणि डिझेल स्वतःच्या खिशातून जातं त्याला हे तंत्र लगेच पटेल, आणि कालव्यावरच्या माणसाला पाईप वाटून उपयोग नाही, तिथं आधी पाणी सोडणाऱ्यांशी बसून बोलावं लागेल. दोघंही तितकेच हुशार आहेत, अडचण दोघांची वेगळी आहे.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त विचारायला जा. वेगवेगळ्या परिस्थितीतली दहा-बारा घरं निवडा, पाणी असलेली, नसलेली, लहान, मोठी, वाट्यानं करणारी. "तुम्ही हे का करत नाही" असं विचारू नका, माणूस लगेच बचाव करायला लागतो. "हे करायचं ठरवलं तर सगळ्यात आधी कुठं अडेल?" असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दात लिहून घ्या. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, शेतकऱ्याचा नकार ही माहिती असते. कधी कधी तो नकार बरोबरही असतो, ते तंत्र त्या जमिनीला, त्या घराला परवडणारं नसतं, अशा वेळी ट्रेनिंग रद्द करायची तयारी पाहिजे.

पायरी २: ते काम प्रत्यक्षात कोण करतं ते शोधा

सातबारा असो की कुठलाही मालकीचा कागद, ट्रेनिंगला बोलावणं त्या नावाला जातं. काम मात्र दुसराच करत असतो. रोपांची लावण बायका करतात, खुरपणी बायका करतात, फवारणी बऱ्याचदा मजूर करतो, ठिबकचा वाल्व मुलगा फिरवतो, आणि मालक हॉलमध्ये बसून नोझलचे प्रकार ऐकतो. मग घरी जाऊन तो काय सांगणार आणि कुणाला.

एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं, १९८८-८९ मध्ये ९७ देशांतल्या विस्तार सेवांची पाहणी केली होती, त्यात बायकांपर्यंत पोचणारा वाटा जेमतेम ५ टक्के निघाला. आकडा जुना आहे, पण शेतकरी म्हटलं की पुरुष हे गृहीत धरायची सवय अजून गेलेली नाही हे कुठल्याही ट्रेनिंगच्या हजेरीपटावरून कळेल. मोझांबिकमध्ये जमीन टिकवायच्या पद्धती शिकवताना गावातल्या बायकांना निरोप्या म्हणून तयार केलं, तेव्हा इतर बायकांपर्यंत ती माहिती जास्त पोचली असं दिसलं.

करायचं काय, तर एका कागदावर त्या तंत्राची सगळी कामं क्रमानं लिहा, प्रत्येक कामासमोर ते कोण करतं ते लिहा, आणि ट्रेनिंगचं बोलावणं त्या यादीतून काढा. बायकांना बोलवायचं असेल तर वेळ त्यांना विचारून ठरवा, जागा चालत येण्याइतकी जवळ ठेवा, लहान मुलं सोबत येणार हे धरून चाला. मजुराला बोलवायचं असेल तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो कोण देणार हे आधी ठरवा, नाहीतर तो येणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. आणि पैसा खर्च करायचा निर्णय घरात दुसरंच कुणी घेत असेल तर त्यालाही निदान शेवटच्या अर्ध्या तासाला तरी बोलवा, कारण शिकलेल्या माणसाच्या हातात निर्णय नसेल तर तंत्र तिथंच राहतं.

पायरी ३: एका वेळी एकच कौशल्य, आणि ते हातानं करता येणारं

एका दिवसात माती परीक्षण, बीजप्रक्रिया, ठिबक, विद्राव्य खतं, कीडनियंत्रण, मार्केटिंग असे सहा विषय उरकायची पद्धत आहे, ती सोडूनच द्या. माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेल्यावर नेमकं काय वेगळं करणार आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तो विषय अजून ट्रेनिंगसाठी तयार नाही.

उदाहरण म्हणून फवारणी घेऊ. "शिफारशीत मात्रा वापरा" हे सांगणं म्हणजे शिकवणं नाही. त्याऐवजी १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा दोरीनं आखा, म्हणजे १०० चौरस मीटर. पंपात खुणेपर्यंत साधं पाणी भरा, आणि ज्या माणसाच्या हातात रोज पंप असतो त्याला नेहमीच्या चालीनं तो तुकडा फवारायला सांगा. आता पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापानं पाणी भरा. समजा ४ लिटर लागलं, तर हेक्टरला ४०० लिटर झालं. १६ लिटरचा पंप असेल तर हेक्टरला २५ पंप. औषधाच्या लेबलवर हेक्टरी ५०० मिली असेल तर एका पंपाला २० मिली. आता दुसऱ्या माणसाला तोच तुकडा फवारायला लावा, तो हळू चालतो किंवा त्याचं नोझल झिजलंय, त्याला ६ लिटर लागलं. त्यानंही पंपाला २० मिलीच टाकलं तर हेक्टरला साडेसदतीस पंप होतात आणि औषध जातं ७५० मिली, म्हणजे दीडपट. दोघंही म्हणणार आम्ही शिफारशीप्रमाणंच टाकतो आणि दोघंही खरंच बोलत असतात! हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की नोझल का बदलायचं, चाल सारखी का ठेवायची, हे वेगळं सांगावं लागत नाही. याला फक्त दोरी, माप आणि साधं पाणी लागतं.

सेन्सरसारख्या गोष्टी शिकवताना आणखी एक अडथळा येतो, तो म्हणजे आकडा कुठल्या दिशेनं वाचायचा. टेन्शिओमीटरवर (माती पाणी किती जोरानं धरून ठेवते ते दाखवणारं यंत्र) आकडा वाढला की जमीन सुकत चाललीय, आणि टक्क्यात ओलावा दाखवणाऱ्या सेन्सरवर आकडा वाढला की जमीन ओली. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या दोन ट्रेनिंगमध्ये दाखवली आणि हा फरक सांगितला नाही तर गोंधळ ठरलेला. इथं सुरुवात यंत्रापासून करू नका, हातापासून करा. मुळांच्या खोलीवरची माती काढून मुठीत दाबायला सांगा, गोळा होतो का, फुटतो का, वाफसा आहे की नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. मग त्याच जागचा यंत्राचा आकडा बघा आणि पाटीवर लिहा: वाफशाला आकडा एवढा, पाणी द्यायची वेळ झाली तेव्हा एवढा. अशा दोन-चार नोंदी झाल्या की यंत्र त्यांचं होतं. त्यांना येत असलेल्या गोष्टीवर नवीन गोष्ट बांधली की ती पक्की बसते, आणि त्यांचा मानही राहतो, जो ट्रेनिंगमध्ये फार वेळा आपण न कळत घालवतो.

मापं पण तीच ठेवा जी त्यांच्या हातात असतात. पीपीएम आणि मिलीमोजमध्ये बोलून काही होत नाही. झाकण, ग्लास, डबा, जे रोज वापरलं जातं ते एकदा मोजून घ्या आणि त्यावर रंगानं खूण करा. वाचता न येणाऱ्यालाही खूण वाचता येते.

पायरी ४: पीक ज्या अवस्थेत असेल त्या वेळी शिकवा

ट्रेनिंगची तारीख आर्थिक वर्षावरून ठरते, पीक मात्र आपल्या वेळेनं वाढतं. शेत रिकामं असताना कीड ओळखायला शिकवलं तर ते स्लाइडवरच राहतं. आणि ऐन पेरणीत किंवा काढणीत बोलावलं तर कुणी येत नाही, आले तरी चित्त शेतात.

यावर सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं ते इंडोनेशियात. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी मोठं नुकसान केलं होतं, आणि बेसुमार फवारणीनं तुडतुडे खाणारे कोळी आणि बाकीचे मित्रकीटकच मरत होते, त्यामुळं तुडतुडे आणखी वाढायचे. १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आणली, आणि १९८९ पासून एफएओच्या मदतीनं शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. पद्धत अशी की साधारण २५ जणांचा गट, आठवड्यातून एकदा, पूर्ण हंगामभर, शेतातच. लहान गटांनी पिकात शिरायचं, काही रोपं नीट बघायची, किडे मोजायचे, पानं, पाणी, तण सगळं बघायचं, मग मोठ्या कागदावर त्याचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र, आणि त्या चित्रावर चर्चा करून या आठवड्यात काय करायचं ते गटानं ठरवायचं. मार्गदर्शकानं उत्तर द्यायचं नाही, उलटा प्रश्न विचारायचा. हा कोळी काय खातो असं कुणी विचारलं तर रोपावर जाळी बांधून आत कोळी आणि तुडतुडे सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी मोजायचे. ही पद्धत पुढं ९० हून जास्त देशांत गेली.

पण याचीही मर्यादा आहे, ती माहिती हवी. इंडोनेशियातल्याच नंतरच्या अभ्यासात दिसलं की शेतीशाळेत बसलेल्यांकडून शेजाऱ्यांपर्यंत ते ज्ञान फारसं सरकलं नाही. आणि त्यात नवल नाही. अख्खा हंगाम डोळ्यांनी बघून जे समजतं ते बांधावर उभं राहून पाच मिनिटांत कसं सांगणार. म्हणून एकाला शिकवलं की तो दहा जणांना शिकवेल असं धरून प्लॅन करू नका. बियाणाची जात, पेरणीचं अंतर, अशा साध्या गोष्टी तोंडोतोंडी जातात, बघून निर्णय घ्यायची गोष्ट प्रत्येकाला स्वतः बघावी लागते.

पूर्ण हंगाम जमत नसेल तर निदान एवढं करा: पिकाच्या ज्या तीन-चार टप्प्यांवर निर्णय घ्यावा लागतो, त्या प्रत्येक टप्प्याच्या आठवडाभर आधी दोन तास शेतात भेटा. एक अख्खा दिवस हॉलमध्ये घालवण्यापेक्षा हे कधीही चांगलं, आणि खर्चही फार वेगळा नसतो.

पायरी ५: डेमो साध्या शेतकऱ्याच्या शेतात, त्याच्या हातानं

संशोधन केंद्राच्या शेतात पीक छान येणारच, तिथं पाणी आहे, मजूर आहेत, नुकसान झालं तर कुणाच्या घरचं जात नाही. हे शेतकऱ्याला दिसतं, तो बोलत नाही इतकंच. १९०३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेलला सीमन नॅप यांनी हीच गोष्ट ओळखून डेमो सरकारी फार्मवर न घेता पोर्टर नावाच्या एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात घेतला, नांगर त्याचा, मेहनत त्याची, आणि तोटा झाला तर भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक निधी उभा केला होता. तोटा झालाच नाही, फायदा झाला. पुढं अमेरिकेत जी विस्तार सेवा उभी राहिली तिचा पाया या कामात होता, १९१४ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला.

डेमो लावताना गावातला सगळ्यात मोठा, सगळ्यात प्रगतिशील बागायतदार निवडायचा मोह होतो, कारण तो पटकन तयार होतो आणि डेमो हमखास चांगला येतो. पण बाकीचे म्हणतात त्याला काय, त्याच्याकडं सगळं आहे. मधल्या परिस्थितीतला माणूस निवडा, रस्त्याकडंचं शेत निवडा. एकाच शेताचे दोन भाग करा, एका भागात नवीन पद्धत, दुसऱ्यात त्याची नेहमीची, आणि दोन्ही भागात एकच फरक ठेवा. नवीन बियाणं दिलं आणि सोबत जास्त खतही दिलं तर पीक कशानं वाढलं ते कुणालाच कळत नाही.

आणि मग मोजा, सगळ्यांसमोर. इंडोनेशियातल्या नुसा पेनिडा बेटावर समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापला गेला. हे लोक दोरीला शेवाळाचे तुकडे बांधून वाढवतात. दोन तुकड्यांतलं अंतर, दोऱ्यांमधलं अंतर सगळं त्यांना तोंडपाठ, पण बांधताना तुकडा केवढा घ्यायचा याकडं बहुतेकांचं लक्षच नव्हतं, आणि उत्पादन त्यावर बरंच अवलंबून होतं. त्यांच्याच शेतात प्रयोग केले, सगळं त्यांच्या समोर झालं, तरी नुसत्या बघण्यानं त्यांची पद्धत बदलली नाही. प्रयोगाचे आकडे एकत्र करून, तुमच्या शेतात एवढ्या आकाराच्या तुकड्याला एवढं उत्पादन आलं, असं समोर ठेवलं तेव्हा बदलली. अनुभवी माणसाचं लक्ष ज्या गोष्टीवर कधीच गेलेलं नसतं ती डेमोत समोर असूनही त्याला दिसत नाही, आणि हे आपल्या सगळ्यांनाच लागू आहे. त्यामुळं डेमोच्या सुरुवातीलाच सांगायचं की आपण नेमकं काय बघतोय, ते मधूनमधून मोजायचं, आणि काढणीनंतर दोन्ही भागांचे आकडे पाटीवर शेजारी शेजारी लिहायचे, उत्पादन, खर्च, मजुरीचे दिवस तिन्ही. मजुरीचे दिवस लिहायचे कधीच विसरू नका, का ते पुढच्या पायरीत येतं.

पायरी ६: पहिली उडी लहान ठेवा

नवीन तंत्र पूर्ण शेतावर करा असं सांगणं हाच एक अडथळा आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं यावर ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा १९४३ चा अभ्यास आहे, २५९ शेतकऱ्यांचा. शेवटी दोघं सोडले तर सगळ्यांनी ते बियाणं घेतलं. बियाणं स्पष्ट चांगलं होतं, तरी पहिल्यांदा ऐकल्यापासून घेईपर्यंत सरासरी नऊ वर्षं गेली, आणि सुरुवात सगळ्यांनी छोट्या तुकड्यानं केली. पहिली बातमी बऱ्याचदा विक्रेत्याकडून आली, निर्णय मात्र शेजाऱ्याचं बघून झाला. म्हणजे थोडं करून बघणं ही शेतकऱ्याची स्वतःची चाचणी पद्धत आहे, तिला विरोध समजू नका. एक ओळ, एक वाफा, दहावा हिस्सा, एवढ्यावर करता येईल असा तंत्राचा तुकडा काढून द्या. ड्रोन किंवा मोठं यंत्र असं तुकड्यात घेता येत नाही, तिथं भाड्यानं किंवा गटानं वापरून बघायची सोय आधी पाहिजे, चालवायचं ट्रेनिंग नंतर.

मजुरीचं म्हणाल तर मादागास्करचं उदाहरण बघा. तिथं १९८० च्या दशकात आँरी द लोलानिए या पाद्र्यानं कमी वयाची रोपं, एकेक रोप, जास्त अंतर, कमी पाणी अशी भाताची पद्धत बसवली, ती आज एसआरआय नावानं ओळखली जाते. उत्पादन वाढत होतं. तरीही २००३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की बऱ्याच गरीब शेतकऱ्यांनी ती सुरू करून सोडून दिली, कारण जास्तीची मेहनत नेमकी अशा दिवसांत लागायची जेव्हा घरातलं धान्य संपलेलं असतं आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावं लागतं. त्या माणसाला पद्धत येत होती, पटलीही होती. त्याच्याकडं ते दिवस नव्हते. हे वाचल्यापासून कुठलंही तंत्र बघितलं की माझा पहिला प्रश्न असतो, यात जास्तीचं काम कुठल्या महिन्यात पडतं आणि त्या महिन्यात त्या घरात काय चाललेलं असतं?

पायरी ७: शिकवणारा कोण

१९७० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या पाठिंब्यानं डॅनियल बेनॉर यांची प्रशिक्षण आणि भेट पद्धत खूप देशांत पसरली, आपल्याकडंही. ठराविक दिवशी गावभेट, निवडक संपर्क शेतकरी, वरून आलेला संदेश खाली पोचवायचा. शिस्त आली हे खरं, पण संदेश सगळ्यांना एकच, खर्च मोठा, आणि संपर्क शेतकऱ्यापासून पुढं माहिती नीट झिरपली नाही. निधी आटला तशी पद्धत मागं पडली.

मलावीत एरियल बेनयिशाय आणि मुश्फिक मोबारक यांनी लोक नेमकं कुणाचं ऐकतात हे तपासलं. ज्यांची परिस्थिती बाकीच्यांसारखीच आहे अशा साध्या शेतकऱ्यांना शिकवायचं काम दिलं आणि त्याबद्दल थोडा मोबदला ठेवला, तर त्यांचा परिणाम चांगला झाला, मोबदला नसेल तर मात्र फारसं काही होत नव्हतं. यातून दोन गोष्टी घ्या. आपल्यासारखाच माणूस निवडा, आणि त्याच्याकडून फुकट काम करून घेऊ नका. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवण्यात त्याचा वेळ जातो, आणि चुकलं तर गावात त्याचं नाव खराब होतं.

शिकवणारा पगारी अधिकारी असेल तर त्याच्याकडं खतवाटप, सर्व्हे, फॉर्म भरणं अशी किती कामं आहेत ते बघा. आठवड्यात शेतात जायला त्याला एक दिवसही मिळत नसेल तर अडथळा तिथं आहे. आणि ज्यानं ते यंत्र स्वतः कधी चालवलं नाही त्याला शिकवायला पाठवू नका. एखादा प्रश्न अडला तर "मला विचारून सांगतो" म्हणायची आणि खरंच विचारून सांगायची मोकळीक त्याला द्या, त्यानं विश्वास वाढतो.

पायरी ८: मोबाईल आणि व्हिडिओ

इथं थोडक्यात. अ‍ॅप डाउनलोड करायला लावणं म्हणजे ट्रेनिंग नाही. फोन घरात एकच असतो आणि तो बाहेर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो, मेमरी भरलेली, नेटवर्क शेतात नाही. लांबलचक मेसेजपेक्षा एक मिनिटाचा आवाजी निरोप चालतो. व्हिडिओ करायचा तर त्याच भागातला शेतकरी, त्याचीच बोली, आणि एका व्हिडिओत एकच काम. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या लॅबमधून डिजिटल ग्रीन हा उपक्रम निघाला, त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. व्हिडिओ लहान गटात लावायचा, गावातलाच एक माणूस मधेमधे तो थांबवून प्रश्न विचारतो, कोण करून बघणार ते लिहून घेतो आणि नंतर बघायला जातो. व्हिडिओ फॉरवर्ड करून सोडून दिला तर यातलं काहीच होत नाही.

पायरी ९: ट्रेनिंगनंतरचे दिवस

हॉलमध्ये "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी करून दाखवायला सांगा. फिल्टर उघडून साफ करून परत बसवा, पंपाची मात्रा काढून दाखवा. ज्याला जमलं नाही त्याला सगळ्यांसमोर चुकीचं न ठरवता पुन्हा करू द्या.

तंत्र बंद पडायचा सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे पहिला बिघाड. ठिबक घ्या: फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरक वाढला म्हणजे फिल्टर भरलाय, लॅटरलची (पिकाच्या ओळीतल्या नळ्यांची) टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायची, हे वेळेवर झालं नाही की ड्रिपर तुंबतात, शेवटची झाडं सुकतात, आणि मग माणूस संच गुंडाळून ठेवतो. त्याच्या दृष्टीनं तंत्रच वाईट ठरतं आणि बघणाऱ्या शेजाऱ्यांच्या दृष्टीनंही. म्हणून ट्रेनिंगच्याच दिवशी बिघाड मुद्दाम करून दाखवा आणि दुरुस्त करून घ्या. सुटे भाग कुठं मिळतात आणि दुरुस्ती कोण करतं हे आधी शोधून ठेवा, जवळपास कुणीच नसेल तर गावातल्या एखाद्या मुलाला दुरुस्ती शिकवणं हेच पहिलं ट्रेनिंग करा. पहिल्या आठवड्यात एक फोन, पहिल्या वापराच्या वेळी एक भेट, आणि काढणीनंतर एक बैठक, एवढं बजेटमध्ये आधीच धरा.

रिपोर्टमध्ये हजेरीचा आकडा असतोच, त्याच्या शेजारी अजून दोन रकाने वाढवा. पुढच्या हंगामात किती जणांनी स्वतःच्या खर्चानं पुन्हा केलं, आणि किती जणांनी करून सोडून दिलं. अनुदान संपल्यावर केलं तरच ते खरं केलं म्हणायचं. आणि ज्यांनी सोडलं त्यांच्याकडं आवर्जून जा, यश मिळालेल्यांच्या आधी जा. त्यांना काय अडलं, कुठल्या दिवशी, कुठल्या कामाला, ते त्यांच्या शब्दात लिहून घ्या, आणि पुढच्या ट्रेनिंगचा विषय त्या वहीतून काढा.